रेडिओची तडतड थांबली तेव्हा

कोल्हारच्या आक्काचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा आहे. वादळात मोडला, असं काहीजण सांगतात. बाकीचे म्हणतात, ती पायाळूच, तिच्या नशिबात ते होतंच. मी यातलं काही म्हणत नाही. त्या दुपारी मी एक शब्द बोलले असते तर तो पाय आज सरळ असता. ही गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे.

वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. एकाहत्तर साली त्यांची बदली कोल्हारला झाली आणि आम्हाला पाटाच्या कडेला दोन खोल्यांची सरकारी क्वार्टर मिळाली. मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होते, आधी कॉन्व्हेंटमध्ये, मग कॉलेजात. घरी यायचे ती उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती, आणि घर म्हणजे वडिलांची बदली झालेली असेल ते गाव. माणसांची नीट ओळख होण्याआधीच सुट्टी संपायची. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. माझं मराठी पुस्तकातलं होतं. मी तोंड उघडलं की पाटावर धुणं धुणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मग मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘हं’ एवढ्यावर काम भागवायला शिकले. ‘हं’ सर्वांत सोयीचं. त्याचा अर्थ समोरच्याने हवा तो लावून घ्यावा.

पाटाच्या पलीकडे पाच-सहा घरांची वस्ती होती, आणि आमच्या अगदी समोर एका शेतकरी कुटुंबाचं घर. ऊस, थोडी केळी, उन्हाळ्यात कांदा. आक्का त्या घरची थोरली सून. वय पस्तिशीचं असेल. माहेर अकोल्याकडे डोंगरात.

तिची माझी ओळख विजेने करून दिली. मी आल्याला आठवडाही झाला नव्हता. दुपारी चारच्या सुमाराला श्रीरामपूरच्या अंगाने आभाळ काळं झालं, लखलख सुरू झाली आणि पाटावरच्या फळीवरून एक बाई पळत आली. आली ती सरळ आमच्या व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसली. मी दारात उभी होते.

“आत या ना,” मी म्हटलं.

“नगं. हितंच बरी. मी पायाळू हाय.”

मला तो शब्द माहीत नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं.

“आईच्या पोटातनं पायाकडनं आले मी. अशा मानसावर इज पडती म्हनं. म्हनून इजा चमकाया लागल्या की आमच्यात मला भाईर काढत्यात. इतके दिस गोठ्यात बसायचे. मागल्या साली बैलंसुदिक भाईर नेली, माज्यापायी बैल मरायला नगं म्हनून.” ती हसली. “तुमचं घर सरकारी हाय. पडली इज तर सरकारचं जाईल.”

“असं काही नसतं,” मी म्हटलं. “तुम्ही आत बसा.”

“तुमी म्हनू नको गं. मास्तरीन झाल्यागत वाटतं.”

आत मात्र ती आली नाही. नंतर, कितीतरी दिवसांनी, ती उंबऱ्यापर्यंत सरकली.

पायाळूपणाची दुसरी बाजू मला पुढच्या काही दिवसांत दिसली. कुणाच्या पाठीत उसण भरली, कमर धरली, की तो माणूस सकाळी तोंडसुद्धा न धुता आक्काच्या दाराशी यायचा आणि पालथा पडायचा. आक्का उजव्या पायाची टाच त्याच्या पाठीला तीनदा लावायची, हलकेच, जणू झोपलेल्या मुलावरून पाय न लागता पुढे जायचं आहे. माणूस उठून नमस्कार करायचा. पार बाभळेश्वरहून माणसं यायची. थोरल्या सुनेला घरात कुणी दोन शब्द चांगले बोलत नव्हतं, पण त्या टाचेला परगावची माणसं हात जोडून जायची. आणि त्या रांगेत पहिला मान सासूबाईंचा.

“आत्याबाईला माजा पाय पाठीला चालतो,” आक्का म्हणायची, “इजंला तेवढा चालत न्हाई.”

आमच्याकडे वडिलांचा ट्रान्झिस्टर होता. वळवाच्या दिवसांत त्यावर गाणी धड लागत नसत, खरखर फार यायची. एका दुपारी आक्का व्हरांड्यात बसलेली असताना मी तो लावला आणि काटा फिरवत अशा टोकाला नेला की तिथे कुठलंच केंद्र लागत नव्हतं. नुसती तडतड.

“ह्यात कोन लाह्या भाजतंय?” आक्काने विचारलं.

मी तिला सांगितलं की ती एकेक तडतड म्हणजे एकेक वीज. तिचा विश्वास बसला नाही. ती आभाळाकडे बघत राहिली, मी रेडिओ तिच्या कानाशी धरला. लांब कुठेतरी लख्ख झालं आणि त्याच क्षणी रेडिओत कट्ट वाजलं. पुन्हा लख्ख, पुन्हा कट्ट. मग काही न दिसताच दोनदा वाजलं.

“ही कुठली?”

“ढगाच्या पोटातली. आपल्याला दिसत नाही, ह्याला कळते.”

ती बराच वेळ ऐकत राहिली. जाताना म्हणाली, “दिसली की भ्या वाटतं. ऐकली की मोजावी वाटती.”

त्या वाक्यामुळे मी वही काढली असेन. भौतिकशास्त्र माझा विषय होता, पण पुस्तकाबाहेर ते वापरून बघावं असं मला कुणी कधी सुचवलं नव्हतं. वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन मी मिनिटामिनिटाला किती तडतड होते ते काड्या काढून लिहायला लागले. आक्का तोंडाने मोजायची, मी काड्या मारायचे. वीसच्या पुढे गेलं की ती नुसतं “लई, लई” म्हणायची. मग मी एक आडवी रेघ मारायचे. तिचा अर्थ लई.

त्याच महिन्यात पहिलं मोठं वादळ आलं. तडतड नेहमीसारखी वाढत गेली आणि मग पाचएक मिनिटांत इतकी वाढली की वेगवेगळे आवाज ऐकू येईनात. गरम तेलात मोहरीचा अख्खा डबा पालथा व्हावा तसं ते सुरू झालं. मी आडव्या रेघांवर रेघा मारत होते. आक्काने कान झाकले होते. मग ते एकदम ओसरलं. हळूहळू नव्हे, एकदम. मोकळ्या मोकळ्या दोन-चार तडतडी, मधे शांतता.

“गेलं,” आक्का म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. मी वही मिटली. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा हवा पडली होती, पानही हलत नव्हतं, आणि पाटापलीकडे, केळीच्या बागेवर, ढगाच्या काळ्या तळातून काहीतरी खाली लोंबत होतं. आक्काच आधी म्हणाली, “अगं बया, ढगाला सोंड आली.” ती सोंड जमिनीला टेकली की नाही मला सांगता येणार नाही. खालून धूळ उठली, केळीची पानं कागदाच्या कपट्यांसारखी वर गेली, आणि मोटार चढ चढताना घुमते तसा आवाज आला. चार मिनिटांत सगळं संपलं.

संध्याकाळी वडील बाग बघून आले. ते फार बोलत नसत, पण त्या दिवशी जेवताना म्हणाले, “सरळ वारा असता तर सगळ्या केळी एका अंगाला पडल्या असत्या. ह्या गोल पडल्यात. कुणी मुसळ फिरवल्यासारख्या.”

मी रात्री वही उघडून पुन्हा पाहिली. एकदम चढ, एकदम उतार, आणि मग वारा. त्या उन्हाळ्यात अजून पाच-सहा वादळं झाली. त्यांची तडतड टेकडीसारखी चढली आणि टेकडीसारखी उतरली, आणि साधा पाऊस पडून गेला. कड्यासारखी ती एकदाच चढली आणि एकदाच कोसळली होती. मी ते आक्काला सांगितलं. वहीतल्या रेघा तिने बोटाने चाचपून पाहिल्या.

“म्हंजी लई झालं नि गप झालं, की भ्यायचं.”

“तसंच असेल असं नाही. एकदाच झालंय.”

“एकदा झालं ते काय कमी हाय?” ती म्हणाली.

सुट्टी संपली, मी पुण्याला गेले. पुढच्या वैशाखात परत आले तोवर आक्काने सगळ्या वस्तीला सांगून टाकलं होतं की सायबाच्या ताईच्या रेडिओला वावधान, म्हणजे वादळवारा, आधी कळतं. मी पाटावर गेले की बायका विचारायच्या, “काय गं ताई, आज तुजा रेडू काय म्हनतोय? गानी का गारा?” एकजण म्हणाली, “माजा नवरा कधी शुद्धीवर येईल ते पन सांगतो का बघ.” सगळ्या हसल्या. मीही हसले. मला ते फार लागलं नाही, उलट आपल्याकडे कुणी बघतंय याची थोडीशी गंमतही वाटली. तेवढीच.

त्या उन्हाळ्यात आक्काच्या अंगणात सगळ्या वस्तीच्या मिळून कुरडया चालल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक पहाटे शिजवला होता आणि सात-आठ बायका सोऱ्याने बाजांवर कुरडया घालत होत्या. मला आक्काने मुद्दाम बोलावलं होतं. मी सवयीने रेडिओ घेऊन गेले होते. आभाळ लांबवर दाटलं होतं, वस्तीवर ऊन होतं. आणि रेडिओत ते सुरू झालं. मोहरी. मी वही आणली नव्हती, पण मला वही लागत नव्हती. काही मिनिटं तो ओतल्यासारखा आवाज, आणि मग एकदम मोकळं.

मी आक्काकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं.

“वारा येईल,” मी म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या गावात मी मोठ्याने म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

आक्का उठलीच. “उचला गं बायांनो, ताईनं सांगितलंय. मागल्या साली केळी गेल्या ते इसरलात का?”

बाजा घाईघाईने आत नेल्या. दारं अरुंद होती. ओल्या कुरडया सरकल्या, एकमेकींवर चढल्या, काहींचा गोळा झाला. मग सगळ्याजणी घरात दाटीवाटीने उभ्या राहिल्या, आणि बाहेर ऊन पडलेलं होतं. अर्धा तास झाला. वाऱ्याची झुळूक नाही. एक कोंबडी अंगणात येऊन सांडलेला चीक टिपायला लागली.

सासूबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. “ही बघा, हिला घाला आता वावधानाची भीती.”

मग सुरू झालं. तीन दिवसांचे गहू. पहाटेपासूनचं राबणं. “विंग्रजी शाळंत भविष्य शिकवत्यात व्हय?” “पंचांग ठिवा म्हनावं सायबाला, रेडू इका.” आक्काला जास्त बोलणी बसली, कारण ती घरची होती. मी ‘हं’ सुद्धा म्हटलं नाही. रेडिओ पदराखाली धरून मी फळीवरून घरी आले आणि चार दिवस बाहेर पडले नाही.

या चार दिवसांतली एक गोष्ट मला इथे लिहिली पाहिजे. तिसऱ्या दिवशी वडील पाटाच्या खालच्या अंगाला पाहणी करून आले. आईला सांगत होते की आठ-दहा मैलांवर टेलिफोनचे खांब पिळून पडलेत, एका वस्तीचं छप्पर शेजारच्या विहिरीत सापडलं. कधी झालं, तर सोमवारी दुपारी. कुरडया घातल्या तो सोमवार. रेडिओने बरोबर सांगितलं होतं. तो फक्त कुठे ते सांगत नव्हता, आणि ते त्याला कधीच सांगता येणार नव्हतं. तडतड दहा मैलांवरचीही तशीच ऐकू येते.

मी हे आक्काला जाऊन सांगायला हवं होतं. शंभर पावलांवर तिचं घर. तिने माझ्या शब्दावर सगळ्या वस्तीची बोलणी खाल्ली होती. पण कुरडयांचा विषय आता थंड होत आला होता, आणि मी तो पुन्हा काढला की बायका पुन्हा हसणार, मला पुन्हा मोठ्याने बोलावं लागणार, असं मला वाटलं. नंतर सांगू, म्हटलं. सांगितलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती दुपार आली. आक्काच्या घरचा कांदा काढून झाला होता. चाळ भरायची चालू होती. लाकडाच्या मेढी, बांबूच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, अशी त्यांची लांबलचक चाळ होती. बाहेर कांद्याची रास पडलेली, बायका पात कापत बसलेल्या. आभाळ भरून आलं आणि विजा सुरू झाल्या तशी आक्का नेहमीप्रमाणे उठली आणि आमच्याकडे आली. कुरडयांनंतर ती पहिल्यांदाच आली होती. मला वाटलं होतं ती रागावली असेल. ती उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “लाव की गं तुजं ते. का त्यानंबी अबोला धरलाय?”

मी रेडिओ लावला. वही काढली.

विजा तेव्हा जवळच्या होत्या. रेडिओत बघायलाच नको. मी रेघा मारत होते. आक्का मोजत नव्हती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. एकदम चढ आला. तो आला हे मला कळलं, माझा हातच थांबला. पाटापलीकडे सगळ्या बायका चाळीत शिरलेल्या दिसत होत्या. मग चार-पाच मिनिटांनी तडतड थांबली. पूर्ण नव्हे, पण थांबलीच म्हणायची. हवा पडली. मी वहीत लिहिलं, ‘उतार’, आणि वेळ घातली. ते पान अजून माझ्याकडे आहे. अक्षर नीट आहे.

सासूबाई चाळीतून बाहेर आल्या आणि पाटाच्या काठावरून ओरडल्या, “ए, थांबल्या की इजा! बसलीस काय तिथं सायबीन होऊन? पानी यायच्या आत रास झाकू लाग!” त्यांच्या मागे दोघी-तिघी उभ्या होत्या. कुरडयांच्या वेळी होत्या त्याच.

आक्का उठली. पदर खोचला. आणि माझ्याकडे वळली.

“जाऊ ना गं ताई?”

ती काय विचारत होती ते मला कळलं होतं. तिला वहीतलं वाचता येत नव्हतं, पण माझा थांबलेला हात तिने पाहिला असणार. ‘लई झालं नि गप झालं, की भ्यायचं,’ हे तिचंच वाक्य होतं. पण खात्री माझ्याकडून हवी होती. मी पलीकडे उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं. आणि समजा आताही ते दहा मैलांवर असलं तर? समजा पुन्हा ऊन पडलं, आणि कांदा मात्र भिजला तर? मी म्हटलं, “हं.”

ती गेली. फळीवरून, भराभर, फळी तिच्या पावलांखाली लवत होती. तिने रास झाकायला घेतली, मग कुणीतरी आतून हाक मारली म्हणून चाळीत शिरली. मी व्हरांड्यात उभी होते. सोंड यावेळी मला दिसली नाही. फक्त तो आवाज आला, चढावरच्या मोटारीचा, आणि चाळीचं पाचट एका बाजूने उलगडत वर गेलं, मेढी आडव्या झाल्या, आणि कांदे पाटात पडताना टप टप टप असा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाकीच्यांना खरचटलं, एकीचं डोकं फुटलं, टाके पडले. आक्काच्या पायावर मधली मेढ आली होती. वडिलांनी खात्याची जीप काढली आणि तिला नगरला इस्पितळात नेलं. जीपमध्ये चढवली तेव्हा ती कण्हत नव्हती, दात आवळून बसली होती. एकदाच मला म्हणाली, “तू नगं येऊ. रस्ता लांब हाय, तुला गाडी लागती.” मला गाडी लागते हे मी तिला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही.

वस्तीने त्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला. पायाळूवर वीज पडायची ती चुकली, तर वाऱ्याने गाठलं. आणि गाठलं तेही बरोबर पायालाच. माझ्यापाशी येऊन बायका हळहळून हेच सांगायच्या. मी ‘हं’ म्हणायचे. माझ्या रेडिओचं कुणालाच काही आठवलं नाही. मला वाचवायला त्या सगळ्यांनी मिळून एक नशीब उभं केलं होतं आणि मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

कॉलेज सुरू झाल्यावर एकदा, तास संपल्यावर, मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना वही दाखवली. आक्काचं काही सांगितलं नाही. त्यांनी पानं उलटून पाहिली. वळवाच्या ढगात वारा वर किती जोराने चढतो यावर सगळं असतं, असं ते म्हणाले. जोर वाढला की गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, भार वेगळे होतात, विजा वाढतात. आणि त्याच वर चढणाऱ्या हवेला जर फिरकी असेल तर ती ताणली जाऊन बारीक आणि वेगवान होते, नर्तकीने गिरकी घेताना हात आवळून घ्यावेत तशी. म्हणून विजांचा एकदम चढ आणि फिरता वारा यांचं नातं असू शकतं. मधेच विजा का ओसरतात ते त्यांना नक्की सांगता येईना. “प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही,” ते म्हणाले. “परदेशात लोक यावर काम करताहेत. एवढ्याशा वहीवरून काही सिद्ध होत नाही. पण एवढं दिसत असेल तर मी तरी माणसांना छपराखालून बाहेर काढलं असतं, किंवा निदान सांगितलं असतं.”

ते सहज बोलले. मी वही घेतली आणि आभार मानून आले.

वडिलांची बदली पुढे श्रीगोंद्याला झाली. कोल्हारला जायचं काही कारण उरलं नाही. तरी दोन वर्षांनी, श्रीगोंद्याहून नगर, नगरहून मनमाडची एस. टी., अशी मी गेले. वाटेत उलटी झाली.

आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिने आधी आत हाक मारली, “चहा ठिवा गं, माजी ताई आली,” आणि मग उठायचा प्रयत्न केला. पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा लागत होता. मी तिला बसवलं. उसणवाले आता येत नाहीत, तिने सांगितलं. मोडक्या पायाचा गुण जातो म्हणतात. सासूबाईंनी बाभळेश्वरला दुसरा कुणी पायाळू शोधलाय.

“पन एक बरं झालं,” ती म्हणाली. “आता इजंला मला भाईर काढत न्हाईत. आत्याबाई म्हनती, व्हायचं ते हून गेलं, आता पुन्यांदा न्हाई व्हनार. घरातच बसते सगळ्यांसंगं.”

ते ऐकून मी काही न सांगता परत जायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. कुरडयांच्या दिवशी खांब पडले होते ते. त्या दुपारचा चढ आणि उतार. वहीत मी वेळ घातली होती ते. तिने विचारलं तेव्हा मला कळलं होतं ते. मी पहिल्यांदाच त्या गावात इतकं बोलत होते. तिने शेंगा फोडायचं थांबवलं नाही, फक्त हात मंद झाले.

“म्हंजी ते माज्या पायाळूपनानं न्हवतं झालं?”

“नाही.”

तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला. मग दुसरी.

“आनि त्या सोमवारी खांब पडले हुते.”

“हो.”

“मला तेवढं जरी सांगितलं असतंस. मी त्या बायांच्या तोंडावर मारलं असतं.” तिने टरफलं हाताने एका बाजूला लोटली. “सांगायचं हुतं की गं.”

मी म्हटलं, “मला वाटलं कुणी ऐकणार नाही. पुन्हा हसतील.”

“हसल्या असत्या की,” आक्का म्हणाली. “त्या काय, हसत्यातच. पन मी इचारलं हुतं ना तुला? त्यांनी न्हवतं इचारलं. मी ऐकलं असतं.”

आतून चहा आला. बशीत ओतून तिने माझ्याकडे सरकवला, आणि पाय दोन्ही हातांनी उचलून, मला नीट बसता यावं म्हणून, जरा पलीकडे ठेवला.